बेरजा ठेवणाऱ्या मॅडम

आमच्या ऑफिसात कोणी शिवी दिली तर मॅडम ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पण कोणाच्या तोंडून 'सरासरी' हा शब्द निघाला, की त्यांची खुर्ची गर्रकन वळायची आणि बोलणाऱ्याचं पुढचा अर्धा तास काही खरं नसायचं.

ऑफिस म्हणजे यवतमाळला दत्त चौकाजवळ, कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. कापसातून सरकी काढणारे जिनिंगवाले, शाळा, दवाखाने, जो येईल त्याला आम्ही सॉफ्टवेअर करून द्यायचो. मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचा जीव गिऱ्हाइकात आणि मॅडमचा जीव डेटाबेसात. डेटाबेस म्हणजे आडव्या ओळींत आणि उभ्या रकान्यांत माहिती भरून ठेवलेली टेबलं, आणि ती टेबलं कशी असावीत हे ठरवायचं काम मॅडमचं. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या पुसदच्या, मधली बरीच वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत काढलेल्या. पुणं सोडून यवतमाळला काहून आल्या, हे विचारायची आमची कोणाची छाती नव्हती. चहावाल्याची होती. त्याला त्यांनी उत्तरही दिलं. "तिथं सगळे घाईत होते," म्हणाल्या आणि कप परत केला.

सरासरीवरचा राग कुठून आला माहीत नाही, पण त्याचा तडाखा भाऊंना बसलेला मी पाहिला. एका संस्थेची पुसदला भलीमोठी शाळा होती आणि घाटंजीला चिमुकली. पुसदची हजेरी शंभरात नव्वद, घाटंजीची पन्नास. भाऊंनी दोन्हींची बेरीज करून दोनानं भागलं आणि संस्थेची सरासरी सत्तर असं फोनवर सांगून मोकळे झाले. फोन ठेवेपर्यंत मॅडम त्यांच्यासमोर उभ्या. चहावाल्याला बिनसाखरेची अख्खी किटली आणायला सांगितली, आणि वेगळा एक कप, पाकासारखा गोड. तो कप किटलीत ओतला, ढवळला आणि भाऊंच्या पुढे धरला.

"निम्मा गोड लागतो का?"

भाऊंनी घोट घेतला. "फिक्का हाय नं, मॅडम."

"मग तुमचे सत्तर कुठून आले?"

ती किटली आम्ही सगळ्यांनी तोंड वाकडं करत संपवली. त्यानंतर आमच्या कुठल्याच टेबलात सरासरीचा रकाना आला नाही. मॅडमचा नियम साधा होता: बेरीज ठेवा आणि ती किती जणांची बेरीज ते ठेवा. सरासरी मागणाऱ्याला ती तिथल्या तिथं काढून द्या, पण साठवू नका, कारण साठवलेल्या दोन सरासऱ्या एकमेकींत मिसळत नाहीत. हे मला कॉलेजात चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

माझा पहिला दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी घाटंजीचा, नुकता इंजिनिअर झालेला, डोक्यात वारं. एका जिनिंगसाठी टेबल करून आणलं होतं आणि ते छान आहे अशी माझी खात्री होती. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "यातली एक ओळ म्हणजे काय?"

मी सांगायला लागलो. एक ओळ म्हणजे आलेली गाडी, आणि तिच्यातला कापूस, आणि त्या दिवशीचा ओलावा, आणि...

"एका वाक्यात. 'आणि' न वापरता."

मला येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा 'आणि' आला. तिसऱ्यांदा मी चलाखी करून 'तसेच' म्हटलं. मॅडमनी टेबलाचा कागद बाजूला सारला. "एक ओळ म्हणजे काय हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या बेरजेला अर्थ नसतो. कशाची बेरीज करतोस हेच तुला माहीत नाही. जा, ठरवून ये." मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. मनात त्यांच्या साता पिढ्यांचा उद्धार केला. मग ठरवून आलो, आणि टेबलाची दोन टेबलं झाली.

हा नियम त्या माणसांनाही लावत. सुट्टी मागायला गेलं की, "कारण एका वाक्यात, 'आणि' न वापरता." आमचा एक सहकारी मावसभावाचं लग्न आणि दाढदुखी अशी दोन्ही कारणं घेऊन गेला आणि दोन्ही गमावून आला.

टेबलाला 'तात्पुरतं' असं नाव दिलेलं त्यांना खपत नसे. "यवतमाळात सगळ्यात जुनं काय असेल तर ते तात्पुरतं," म्हणत. "तात्पुरता पूल, तात्पुरती शेड, तात्पुरता मास्तर. नाव दे नाहीतर पाडून टाक." डबा अकरालाच खायच्या. भाकरी आणि ठेचा, कधी सोबत वांगं. अकरा वाजता का, तर एक वाजता सगळे जेवतात म्हणून हात धुवायच्या नळाला रांग लागते. स्कूटर इतकी हळू चालवत की सायकलवाले मागे वळून बघत. घरी पुस्तकांचं कपाट, त्यावर बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली फरशीवर जुन्या संगणकांचे उघडे सांगाडे. लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण एका वाक्यात विचारायचा विचार माझ्या मनात बरेचदा आला आणि बरेचदा मी तो गिळला.

सारांशाची टेबलं हा त्यांचा खरा प्रांत. नुसत्या मूळ टेबलांवर काम चालत नाही का, तर चालतं, पण रखडत. आरोग्य खात्याचं काम आलं तेव्हा हे आम्हाला नीट कळलं. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत कोणत्या रुग्णाला कोणतं औषध दिलं त्याची एकेक ओळ रोज येऊन पडायची. खात्याच्या साहेबांनी स्क्रीनवर एक बटण दाबलं, की संगणक त्या लाखो ओळी पहिल्यापासून चाळायला घ्यायचा. तेवढ्या वेळात साहेबांचा चहा यायचा, पिऊन व्हायचा, आणि तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच असायचं. यावर उपाय म्हणजे रोजच्या ओळींची बेरीज आधीच करून वेगळ्या टेबलात ठेवायची. विचारलं की तिथून लगेच उत्तर.

दुसरा कोणी असता तर त्यानं ऑफिसात बसून दहा प्रकारच्या बेरजा करून ठेवल्या असत्या. मॅडम खात्याच्या कचेरीत गेल्या आणि साहेबांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसल्या. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. आत कोण काय विचारतं ते ऐकत. शिपायाला वाटलं तक्रारवाल्या आहेत. "बाई, तुमचं काय हाय? अर्ज आणला का?" त्या म्हणाल्या, "माझी तक्रार नाही. तुमचे साहेब प्रश्न काय विचारतात ते ऐकायचं आहे." शिपाई घाबरून आत सांगायला गेला.

परत आल्या त्या खूश होत्या. साहेब कितीही बोलले तरी औषधांबद्दल प्रश्न तेच ते विचारायचे: कुठं किती वापरलं, कुठं कमी पडतंय, आणि कुठं वापरच नाही. तेवढ्यापुरतंच टेबल त्यांनी मांडलं. एक ओळ म्हणजे एका केंद्रात एका औषधाचा एका दिवसाचा वापर. मी म्हटलं, साहेब तर महिन्याचंच बघतात, मग महिन्याचीच ओळ ठेवू, टेबल छोटं होईल. त्या म्हणाल्या, "दिवसांचा महिना करता येतो. महिन्याचे दिवस करता येतात का? पिठाचे दाणे झालेले पाहिलेस कुठं?" रोज पहाटे संगणकानं आपोआप आदल्या दिवसाच्या ओळी घ्यायच्या, बेरीज करायची आणि टेबलात नेऊन ठेवायची. बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. साहेबांनी आम्हाला पेढे दिले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शनिवारी दुपारी मॅडम सारांशाची सगळी टेबलं पुसून टाकायच्या. नवीन माणूस खुर्चीतून उठून धावत यायचा. पुसून मूळ ओळींवरून पहिल्यापासून पुन्हा बांधायच्या आणि आधी छापून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघायच्या. त्याला आम्ही शनिवारचं सारवण म्हणायचो. "पुसायची भीती वाटली की समजायचं, आपण सारांशालाच मूळ मानायला लागलो," असं त्यांचं म्हणणं. एकदा भाऊंनी सर्व्हरचं भाडं वाचवायला जुन्या मूळ ओळी काढून टाकू, बेरजा तर आहेतच, असं सुचवलं. मॅडम आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाऊंनी शेवटी भाडं वाढवून दिलं.

आता असं बघा, इतकं सगळं सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून चूक होणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. त्याही धरून चालल्या होत्या, असं मला आता वाटतं.

पावसाळ्याच्या तोंडाला खात्यानं झरी जामणीकडची, मुकुटबनच्या पलीकडची डोंगरातली केंद्रं नव्यानं जोडली. त्याच सुमाराला साहेबांनी सांगितलं की निंदणाचे, म्हणजे शेतातलं तण काढायचे दिवस, सापविंचवाचे दिवस, स्क्रीन एक दिवसही बंद नको. सारवणाला अर्धा शनिवार लागायचा. मॅडम कुरकुरल्या, पण पावसाळ्यापुरतं सारवण बंद ठेवायला कबूल झाल्या. मला नवल वाटलं होतं. पण साप चावलेल्या माणसाचा प्रश्न म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

ऑगस्टात एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. मी उचलला.

"तुमच्या कंपूटरनं आमची सापाची लस नेली," पलीकडून कोणीतरी तावातावानं म्हणालं.

"कंपूटर कायले लस नेईन, दादा?"

"मले शिकवू नका. मी सुधाकर बोलून राह्यलो, मुकुटबनच्या पलीकडल्या केंद्राचा फार्मासिस्ट. साहेबाचा कागद हाय मह्या हातात. लिवलं हाय, या केंद्रात वापर शून्य, साठा मोठ्या दवाखान्यात हलवा. गाडी आली अन् खोकं घेऊन गेली. शून्य कसा? मी सोता दर बजाराले माहिती धाडून राह्यलो. परवा एका बाईले चावला निंदताना. आली तं मह्याजवळ काहीच नाही. जीपमंधी टाकून पांढरकवड्याले धाडली."

माझा चेहरा बघून मॅडमनी फोन मागितला. त्यांनी एकच विचारलं. "माहिती कोणत्या वारी धाडता?"

"सांगलं नं, बजाराच्या. आमच्या गावात टावर नाही पकडत. मुकुटबनच्या बजाराले येतो तवाच जाते. आता बी तिथूनच बोलून राह्यलो."

मॅडमनी फोन ठेवला आणि खुर्ची स्क्रीनकडे ओढली. आधी मूळ टेबल उघडलं. सुधाकरच्या ओळी होत्या, जून सरल्यापासूनच्या, एकापाठोपाठ एक. मग सारांशाचं टेबल उघडलं. त्याच केंद्रापुढे त्याच दिवसांना शून्य. मलाही आता दिसलं. आमचा संगणक रोज पहाटे फक्त आदल्या दिवसाच्या ओळी मोजायचा. सुधाकर सोमवारी भरलेली ओळ आठवडी बाजाराच्या दिवशी धाडायचा, आणि त्या ओळीवर तारीख सोमवारचीच असायची. ती येऊन पोचेपर्यंत सोमवारची बेरीज केव्हाच करून ठेवलेली. मग ती ओळ कोणीच मोजायचं नाही, आणि ती पकडणारं शनिवारचं सारवण तर बंद होतं. साहेबांनी विचारलं, कुठं वापरच नाही? आमच्या टेबलानं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, इथं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही चूक माझी आहे," म्हणाल्या. एवढंच.

भाऊ आतून आले, त्यांना सगळं सांगितलं. भाऊ वाईट माणूस नव्हते. पण खात्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात नव्यानं व्हायचं होतं आणि आम्हा सगळ्यांच्या घरच्या चुली त्यावर होत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, चुपचाप दुरुस्त करून टाका नं. उद्यापासून आकडे बरोबर दिसतीन. मागचं कोण पाह्यते?"

"आकडे बरोबर दिसतील. खोकं कसं परत जाईल?"

भाऊंनी दार लोटून घेतलं.

"साहेबांनी प्रश्न विचारला, आपण उत्तर दिलं, त्यांनी आदेश काढला. तो प्रश्न त्यांच्या लेखी संपला. आता तेच ते पुन्हा कायले विचारतील? उद्या स्क्रीनवर बरोबर आकडा आला तरी तो कोणी बघणार नाही. मी जाऊन सांगितल्याशिवाय ती लस तिथं जात नाही, भाऊ. आणि निंदण अजून संपलेलं नाही."

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझं लग्न ठरलेलं होतं. त्याच क्षणी मला त्यांचा अभिमानही वाटला होता, आणि या दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगायला 'आणि' लागतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. साहेबांनी बसा म्हटलं तरी त्या उभ्याच राहिल्या. "आमच्या स्क्रीनवरचा शून्य चुकीचा होता," त्यांनी सांगितलं. "त्या केंद्रात लस लागते. ती परत पाठवा."

साहेबांचा चेहरा उतरला. सही त्यांची होती. थोडा विचार करून ते म्हणाले, "असं करा मॅडम, सर्व्हर बंद होता म्हणून लिहून द्या. तांत्रिक अडचण. म्हणजे तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही."

"सर्व्हर चालू होता. टेबल मी मांडलं. उशिरा येणाऱ्या ओळींचा विचार मी केला नाही."

"बरं, बरं. पुढच्या आठवड्यात आढावा बैठक आहे, त्यात घेऊ. तुम्ही मला फक्त टोटल द्या."

मॅडमनी पिशवीतून कागद काढले. सुधाकरच्या मूळ ओळी छापून आणल्या होत्या. त्या वाचायला लागल्या. तारीख. बाई, वय अमुक, पायाला दंश, इतक्या कुप्या दिल्या. पुढची तारीख. मुलगा, शाळेत जाणारा, हाताला दंश. पुढची. म्हातारा, गोठ्यात.

"मॅडम, टोटल सांगा ना," साहेब म्हणाले.

"टोटलनंच घोळ केला, साहेब. एकेक ऐका."

आयुष्यभर ओळींच्या बेरजा करणारी बाई तिथं उभं राहून एकेक ओळ वाचत होती. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं. कागद उलटायला मॅडम थांबल्या, तेवढ्यात साहेबांनी बेल दाबली आणि कारकुनाला आत बोलावून उलटा आदेश सांगायला घेतला. मॅडम तरीही थांबल्या नाहीत. शेवटची ओळ त्या निंदणाऱ्या बाईची होती. तिच्यापुढे कुप्यांच्या रकान्यात शून्य होतं, आणि तो शून्य खरा होता. तोही त्यांनी वाचला.

टेबल त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त केलं. आता संगणक तारखेवर अवलंबून नव्हता. आज ज्या ज्या दिवसांच्या ओळी नव्यानं आल्या, ते ते दिवस पुन्हा बेरजेला घ्यायचा, मग ते कितीही जुने असोत. एक रकानाही वाढवला: या केंद्राकडून शेवटची खबर कधी आली. म्हणजे शून्य वापर असलेलं केंद्र वेगळं दिसेल आणि गप्प असलेलं केंद्र वेगळं. मी जिथं जिथं काम केलं तिथं तो रकाना घातला आहे.

कंत्राट अर्थातच गेलं. नागपूरच्या कोणाला तरी मिळालं. भाऊंनी मॅडमना जा म्हटलं नाही, त्या स्वतःच दिवाळीनंतर पुसदला निघून गेल्या. तिथं कॉलेजच्या पोरांना शिकवतात म्हणे, आणि पोरं पायऱ्यांवर बसून त्यांना शिव्या घालतात म्हणे. माझं लग्न झालं. नोकरी दुसरी मिळाली. कोणी उपाशी मेलं नाही. तेव्हा मात्र आम्हाला तसंच वाटलं होतं.

पण ते सगळं नंतर. उलटा आदेश निघाला त्याच्या पुढच्या रविवारी मॅडमनी मला फोन केला. "गाडी मिळते का बघ. मुकुटबनकडे जायचं आहे." कारण विचारलं नाही, मेव्हण्याची गाडी आणली. मागच्या सीटवर बसून त्या वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. कपाशी गुडघ्याच्या वर आली होती आणि बायका ओळीनं वाकून निंदत होत्या.

सुधाकर फाट्यावर उभाच होता. फोनवर भांडणारा माणूस समोर मात्र अगदी नरम. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, जंगूबाईचं घर आधी लागायचं. जंगूबाई म्हणजे साप चावलेली ती निंदणारी बाई. पांढरकवड्याहून घरी आली होती. पडवीत बाजेवर बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगटापासून काळवंडलेला, दोन बोटं वळतच नव्हती.

"ह्या मॅडम यवतमाळच्या," सुधाकर म्हणाला. "कंपूटरवाल्या."

मॅडम उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यातली लस माझ्या चुकीनं नेली होती."

जंगूबाईनं त्यांना खालून वर पाहिलं. "तुमी डाक्टर हाव का?"

"नाही. कुठं किती औषध लागतं त्याचा हिशेब मी करते. तो चुकला."

"हां," जंगूबाई म्हणाली. शेंगा सोलायची थांबली नाही. 'काही हरकत नाही' म्हणाली नाही, आणि रागावलीही नाही. मॅडमना रागावलेलं बरं वाटलं असतं, हे त्यांच्याकडे बघून मला कळत होतं. मी उगाच बाजेच्या सुंभाकडे बघत होतो.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "मंग आता हाय का तिथी लस?"

"आहे. परत पाठवली."

"पाह्यली का तुमी?"

आदेशाची प्रत मॅडमनी पाहिली होती. स्क्रीनवर साठा जमा झालेला पाहिला होता, माझ्यासमोर, दोनदा.

"नाही," त्या म्हणाल्या.

मॅडमनी सुधाकरकडे हात पुढे केला. "चावी."

"मॅडम, हाय नं बापा, म्या मह्या हातानं ठेवली फ्रिजमंधी. आज रविवार हाय, बंद हाय केंद्र. कायले चिखलात..."

"चावी आण, सुधाकर."

ते दोघं गेले. मी बाजेच्या टोकाशी टेकलो. शेजारच्या घरी कोणीतरी रेडिओ लावला होता. जंगूबाईनं माझ्यापुढे मूठभर शेंगा सरकवल्या, मी सोलायला लागलो. "तुमची मॅडम मोठी कडक दिसते," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो."

बराच वेळ गेला. मग बोळाच्या तोंडाशी त्या दिसल्या, सुधाकरच्या पुढं, चिखलानं भरलेल्या चपला हातात घेऊन अनवाणी चालत. पडवीसमोर येऊन थांबल्या. दम लागला होता.

"पाहिली," म्हणाल्या. "फ्रिज उघडून पाहिली. हातात घेऊन पाहिली. आहे."

जंगूबाईनं शेंगांचं टोपलं बाजूला ओढलं आणि बाजेवर जागा केली.

"मंग बसा आता," ती म्हणाली.